वर्गाध्यापनात दूरसंचार तंत्रज्ञान : परतीच्या वाटेचा विचार

प्रस्तावना

अध्यापनात तंत्रज्ञानाचा वापर हा विषय निघाला की संगणक, प्रक्षेपक, स्मार्ट फळा आणि दूरचित्रवाणी या सर्वांची गणना एकाच यादीत केली जाते. या यादीतील साधनांमध्ये एक मूलभूत भेद आहे, तो मात्र सहसा नजरेआड होतो. प्रक्षेपक किंवा स्मार्ट फळा वर्गाच्या चार भिंतींच्या आत काम करतो. शिक्षक आणि विद्यार्थी समोरासमोर असतात आणि साधन त्यांच्या मदतीला असते. दूरसंचार तंत्रज्ञानाचे तसे नाही. येथे शिक्षक एका ठिकाणी, विद्यार्थी दुसऱ्या ठिकाणी आणि त्यांच्यामध्ये तार, लहरी किंवा उपग्रह असतो. म्हणजे साधन मदतीला नसून ते स्वतःच वर्गाची जागा घेते. म्हणूनच त्याचे गुणदोष वर्गाचे गुणदोष बनतात.

वर्गात दोन प्रकारची वाहतूक चालते. शिक्षकाकडून विद्यार्थ्याकडे आशय जातो आणि विद्यार्थ्याकडून शिक्षकाकडे प्रश्न, उत्तर, शंका, कंटाळा, चेहऱ्यावरचे न समजल्याचे भाव असे बरेच काही परत येते. अनुभवी प्राध्यापक आपले व्याख्यान या परत येणाऱ्या खुणांवरून क्षणोक्षणी बदलत असतो. दूरसंचाराने पहिली वाहतूक फार लवकर आणि फार स्वस्तात साधली. दुसरी साधताना मात्र तंत्रज्ञान, पैसा आणि व्यवस्थापन या तिन्ही अंगांनी अडचणी आल्या. भारतातील दूरसंचाराधारित अध्यापनाचा सुमारे सहा दशकांचा इतिहास हा बऱ्याच अंशी या परतीच्या वाटेचा इतिहास होय. प्रस्तुत लेखात त्याच दृष्टीने या विषयाचे विवेचन केले आहे.

एकतर्फी प्रक्षेपणाचा काळ

भारतात दूरचित्रवाणीचा आरंभ १९५९ मध्ये दिल्लीत झाला आणि १९६१ मध्येच दिल्लीतील माध्यमिक शाळांसाठी शालेय कार्यक्रमांचा प्रकल्प सुरू झाला. करमणुकीचे माध्यम म्हणून दूरचित्रवाणी घरोघरी पोहोचण्याच्या कितीतरी आधी ती शाळेत पोहोचली होती, ही बाब आज अनेकांना नवलाची वाटेल. या क्षेत्रातील खरा मोठा प्रयोग मात्र उपग्रह शैक्षणिक दूरचित्रवाणी प्रयोग, म्हणजेच ‘साइट’ हा होय. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या एका वर्षात अमेरिकेच्या नासा या संस्थेच्या एटीएस-६ या उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील २० जिल्ह्यांमधील सुमारे २,४०० खेड्यांमध्ये कार्यक्रम थेट पोहोचविण्यात आले. आंध्र प्रदेश, बिहार, कर्नाटक, मध्य प्रदेश, ओरिसा आणि राजस्थान ही ती राज्ये होत. महाराष्ट्राचा त्यांत समावेश नव्हता. डॉ. विक्रम साराभाई यांनी १९६० च्या दशकात ज्याचा पाठपुरावा केला, तो हा प्रयोग त्यांच्या निधनानंतर प्रत्यक्षात आला. त्या वेळी अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राचे नेतृत्व प्रा. यशपाल यांच्याकडे होते.

खेड्यातील शाळेवर किंवा पंचायतीच्या इमारतीवर तारेच्या जाळीची सुमारे तीन मीटर व्यासाची अँटेना बसविली जाई. सकाळी शाळकरी मुलांसाठी दीड तास प्रक्षेपण होई. ते हिंदी, कन्नड, उडिया आणि तेलुगू या चार भाषकगटांत विभागलेले असल्याने प्रत्येक भाषेच्या वाट्याला साडेबावीस मिनिटे येत. या साडेबावीस मिनिटांत मुलाला प्रश्न पडला तर तो कुठे विचारावयाचा, याची सोय उपग्रहात नव्हती, ती त्या शाळेतील शिक्षकापाशीच होती. म्हणूनच ‘साइट’मधील एका उपक्रमाकडे विशेष लक्ष देणे आवश्यक आहे. या एका वर्षात सुमारे ५० हजार प्राथमिक शिक्षकांना विज्ञान अध्यापनाचे प्रशिक्षण देण्यात आले. या प्रशिक्षणात दूरचित्रवाणी एकटी नव्हती. तिच्या जोडीला आकाशवाणीचे कार्यक्रम, मुद्रित साहित्य आणि केंद्रावरील मार्गदर्शकाच्या उपस्थितीत स्वतःच्या हातांनी करावयाचे प्रयोग होते. उपग्रहाने आणलेला आशय आणि जागेवर उपलब्ध असलेला माणूस यांची ही सांगड पुढील काळातील अनेक महागड्या योजनांना जमली नाही.

१५ ऑगस्ट १९८४ रोजी विद्यापीठ अनुदान आयोगाने इन्सॅट-१ बी उपग्रहाच्या आधारे महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ हा कार्यक्रम दूरदर्शनवरून सुरू केला. त्यासाठी पुणे विद्यापीठासह देशातील निवडक ठिकाणी निर्मिती केंद्रे उभारण्यात आली. ग्रामीण महाविद्यालयातील विद्यार्थ्याला नामवंत अभ्यासक ऐकावयास मिळावेत हा हेतू निःसंशय उदात्त होता. पण कार्यक्रम मुख्यतः इंग्रजीत होते, त्यांचा भर अभ्यासक्रमापेक्षा ज्ञानसंवर्धनावर होता आणि प्रक्षेपणाची वेळ महाविद्यालयाच्या वेळापत्रकाशी जुळेलच असे नव्हते. ज्यांच्यासाठी हा खटाटोप होता तो विद्यार्थी त्या वेळी एकतर दुसऱ्या तासाला बसलेला असे किंवा गावच्या एसटीत. याच वर्षी शालेय स्तरावर पुण्यात बालचित्रवाणीची स्थापना झाली. मराठीतून शैक्षणिक कार्यक्रम निर्माण करणारी ही संस्था २०१७ मध्ये बंद झाली. मराठी माध्यमातील एका पिढीला तिची सूरावट आजही आठवते, परंतु तिचे कार्यक्रम आणि वर्गातील तास यांची घट्ट सांगड घालणारी व्यवस्था शाळाशाळांतून उभी राहिली असे म्हणता येत नाही.

प्रश्न विचारण्याची सोय

१९९० च्या दशकाच्या आरंभी भारतीय अंतराळ संशोधन संघटना आणि इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ यांनी ‘टॉकबॅक’ पद्धतीचे प्रयोग केले. यात चित्र आणि आवाज उपग्रहामार्फत केंद्राकडून सर्वांकडे जाई, तर विद्यार्थ्याचा प्रश्न साध्या एसटीडी दूरध्वनीवरून स्टुडिओत येई. तांत्रिक परिभाषेत याला एकेरी चित्र आणि दुहेरी ध्वनी असे म्हणतात. परतीची वाट प्रथमच अस्तित्वात आली, पण ती पायवाटच होती. स्टुडिओत चारदोन दूरध्वनी जोडण्या आणि देशभर शेकडो केंद्रे, त्यामुळे एका तासात किती प्रश्न घेता येतील याचा हिशेब बोटांवर मांडता येत असे.

२० सप्टेंबर २००४ रोजी श्रीहरिकोटा येथून जीएसएलव्ही-एफ०१ या प्रक्षेपकाद्वारे ‘एज्युसॅट’ अवकाशात पाठविण्यात आला. सुमारे १,९५० किलोग्रॅम वजनाचा आणि केवळ शिक्षणासाठी वाहिलेला हा भारताचा पहिलाच उपग्रह होता. तो ७४ अंश पूर्व रेखांशावर स्थिर करण्यात आला. त्याच्या केयू-बँडमधील स्वतंत्र प्रादेशिक झोतांमुळे देशाच्या निरनिराळ्या भागांसाठी निरनिराळ्या भाषांतून एकाच वेळी वर्ग घेणे शक्य झाले. त्याच्या आधीच्या प्रायोगिक टप्प्यात, इन्सॅट-३बी या उपग्रहावर, ज्या तीन विद्यापीठांनी भाग घेतला त्यांत कर्नाटकातील विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ आणि मध्य प्रदेशातील राजीव गांधी विद्यापीठ यांच्यासोबत नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ होते. दूरच्या केंद्रावरही छोटी थाळी, संच आणि कॅमेरा बसवून विद्यार्थ्याचे चित्रसुद्धा परत पाठविता येऊ लागले.

एज्युसॅटचे नियोजित आयुष्य सात वर्षांचे होते. २०१० मध्ये तो सेवेतून निवृत्त झाला. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१३ मध्ये या कार्यक्रमावर सादर केलेल्या अहवालात जोडणी, आशयनिर्मिती आणि व्यवस्थापन या तीन बाबींतील उणिवा दाखवून दिल्या. यांतील केवळ पहिली बाब तांत्रिक आहे आणि उरलेल्या दोन माणसांच्या कामाशी निगडित आहेत, हे येथे मुद्दाम नोंदवावेसे वाटते. खोलीत संच आला, पण त्या खोलीची किल्ली कुणाकडे, वीज गेल्यास जनित्र कोण सुरू करणार आणि तासाला विद्यार्थ्यांना कोण घेऊन येणार, हे प्रश्न उपग्रहाच्या कक्षेबाहेरचे होते.

विलंबाचे गणित

परतीची वाट तांत्रिकदृष्ट्या उपलब्ध झाल्यावरही अशा वर्गांत विद्यार्थी बोलत नाहीत, ही तक्रार कायम राहिली. ग्रामीण विद्यार्थ्यांचा बुजरेपणा हे त्याचे नेहमीचे स्पष्टीकरण होय. ते काही अंशी खरेही आहे. पण त्यामागे भौतिकशास्त्राचे एक कारण दडलेले आहे, आणि त्याची दखल प्राध्यापकवर्गाने फारशी घेतलेली नाही.

भूस्थिर उपग्रह विषुववृत्तापासून ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो. लहरी वर जाऊन खाली येण्यासाठी किमान ७२ हजार किलोमीटरच्या आसपास प्रवास करतात. त्यांचा वेग सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर असल्याने या प्रवासास जवळजवळ पाव सेकंद लागतो. हा विलंब कितीही पैसा खर्च केला तरी कमी करता येत नाही. शिक्षकाचा प्रश्न विद्यार्थ्यापर्यंत पोहोचण्यास पाव सेकंद आणि विद्यार्थ्याचे उत्तर परत येण्यास पाव सेकंद, असा अर्धा सेकंद केवळ अंतरापोटी जातो. ध्वनिचित्राचे संक्षेपण आणि विस्तारण यांचा वेळ त्यात आणखी मिळवावा लागतो. दोन दूरस्थ केंद्रांना मध्यवर्ती केंद्रामार्फत एकमेकांशी बोलावयाचे असेल तर लहरींना उपग्रहाच्या दोन फेऱ्या कराव्या लागतात आणि हे आकडे दुप्पट होतात.

अर्धा सेकंद म्हणजे किती, हे समजण्यासाठी माणसांच्या बोलण्याची लय पाहावी लागते. जगातील दहा भाषांतील संभाषणांचा २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास असे दर्शवितो की, प्रश्न संपल्यानंतर उत्तर सुरू होण्यापूर्वीचा सरासरी विराम सुमारे एक पंचमांश सेकंद असतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघानेही एकेरी विलंब ०.१५ सेकंदापेक्षा अधिक नसावा, अशी चांगल्या संभाषणासाठी शिफारस केलेली आहे. उपग्रहाचा विलंब या मर्यादेच्या पुष्कळ पलीकडे जातो. परिणामी दोघेही एकाच वेळी बोलू लागतात, दोघेही थांबतात, पुन्हा दोघेही एकदम सुरू होतात आणि अखेर विद्यार्थी कायमचा गप्प बसतो. कारण वर्गात माघार घ्यावयाची असते ती विद्यार्थ्यानेच, अशी आपली रीत आहे.

याला दुसऱ्या एका संशोधनाची जोड दिली म्हणजे चित्र अधिक स्पष्ट होते. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात विज्ञानाच्या वर्गांतील ध्वनिमुद्रणे तपासून असे दाखविले की, प्रश्न विचारल्यानंतर शिक्षक उत्तरासाठी सरासरी एकच सेकंद थांबतात. हा काळ तीन सेकंदांपर्यंत वाढविला असता उत्तरे दीर्घ होतात आणि स्वतःहून बोलणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या वाढते, असेही त्यांना आढळले. आता हाच एक सेकंद थांबणारा शिक्षक उपग्रहाच्या वर्गात उभा आहे असे समजू. त्याने प्रश्न विचारला. पाव सेकंदानंतर तो विद्यार्थ्याने ऐकला. शिक्षकाचा सेकंद संपण्यापूर्वी आपला आवाज पोहोचावा असे विद्यार्थ्याला वाटत असेल तर त्याने त्याआधी पाव सेकंद बोलण्यास सुरुवात केली पाहिजे. म्हणजे विचार करणे, शेजाऱ्याकडे पाहणे, धीर एकवटणे आणि ध्वनिग्राहकाची कळ दाबणे या सर्वांसाठी त्याच्या हाती उरतो तो अवघा अर्धा सेकंद. शिक्षकाला वाटते, कुणालाच उत्तर येत नाही. विद्यार्थ्याला वाटते, आपल्याला विचारलेलेच नव्हते. या गैरसमजात दोष दोघांचाही नाही.

यावरील उपाय यंत्रात नसून सवयीत आहे. प्रश्न विचारल्यावर मनात चार अंक मोजून थांबणे, आधी केंद्राचे नाव घेऊन मग प्रश्न विचारणे, ‘कुणाला काही शंका आहे का’ हा सर्वांना उद्देशून असलेला आणि म्हणून कुणालाच उद्देशून नसलेला प्रश्न टाळणे, एवढ्या साध्या गोष्टींनी परतीची वाट रुंद होते. ऑप्टिकल फायबरच्या जोडणीत हजार किलोमीटरला पाच सहस्रांश सेकंद इतकाच विलंब असतो, तेव्हा ही अडचण उपग्रहाबरोबर संपली असे वाटणे साहजिक आहे. परंतु आजच्या आंतरजालावरील वर्गांतही मोबाइलचे जाळे, संक्षेपण आणि साठवणुकीचे टप्पे यांमुळे विलंब पुन्हा वाढतो, आणि तो उपग्रहाच्या विलंबासारखा स्थिर नसून दर मिनिटाला बदलता असतो. स्थिर विलंबाची सवय करून घेता येते, बदलत्या विलंबाची करता येत नाही.

नैसर्गिक अडथळ्यांपैकी दोहोंचा केवळ उल्लेख पुरेसा आहे. केयू-बँडच्या लहरी मुसळधार पावसात क्षीण होतात. कोकणात आणि घाटमाथ्यावर पहिल्या सत्राचे ऐन दिवस म्हणजे नेमके पावसाचे दिवस. दुसरे असे की, वर्षातून दोनदा, मार्चच्या पूर्वार्धात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीस, महाराष्ट्रातून पाहता सूर्य भूस्थिर उपग्रहाच्या बरोबर मागे येतो आणि काही दिवस रोज काही मिनिटे संदेश नाहीसा होतो. ७४ अंश रेखांशावरील उपग्रहाच्या बाबतीत ही वेळ दुपारी साडेबाराच्या सुमारास येते. वेळापत्रक करणाऱ्यास हे ठाऊक असेल तर त्या आठवड्यात तास थोडा पुढे ढकलता येतो. ठाऊक नसेल तर तंत्रज्ञास बोलावणे धाडले जाते आणि तो पोहोचेपर्यंत सूर्य पुढे सरकलेला असतो.

आवाज आधी, चित्र नंतर

दूरस्थ वर्गासाठी खरेदी करताना महाविद्यालये मोठा पडदा आणि चांगला कॅमेरा यांवर खर्च करतात व ध्वनिग्राहक शेवटी उरलेल्या रकमेत बसवितात. हा प्राधान्यक्रम उलटा आहे. चित्र काही क्षण गोठले तरी व्याख्यान समजते, आवाज तुटला तर वर्गच थांबतो. दूरध्वनीच्या दर्जाचा आवाज नेण्यास सेकंदाला ६४ किलोबिट पुरतात, आधुनिक संक्षेपणाने त्याहूनही कितीतरी कमी. बरे दिसणारे चित्र नेण्यास सेकंदाला एक मेगाबिटच्या आसपास क्षमता लागते. म्हणजे खर्चाचा मोठा वाटा चित्र खाते आणि समजण्याचा मोठा वाटा आवाज उचलतो.

आपल्या वर्गखोल्यांची रचना आवाजाच्या दृष्टीने प्रतिकूल असते. उंच छत, गुळगुळीत गिलावा, शहाबादी फरशी, उघड्या खिडक्यांतून येणारा रस्त्याचा गोंगाट आणि डोक्यावर फिरणारे चार पंखे अशा खोलीत एकच ध्वनिग्राहक ठेवला की, त्यात विद्यार्थ्याच्या आवाजापेक्षा पंख्याचा आवाज अधिक स्पष्ट जातो. ध्वनिक्षेपकाचा आवाज पुन्हा ध्वनिग्राहकात शिरून प्रतिध्वनी उमटतो तो निराळाच. मागील भिंतीला जाड पडदा, कळ दाबल्यावरच सुरू होणारे आणि बाकांवर हातोहात फिरविता येणारे दोन ध्वनिग्राहक आणि प्रश्नाच्या वेळी पंखे बंद करण्याचा शिरस्ता, एवढ्याने जो फरक पडतो तो नव्या कॅमेऱ्याने पडत नाही.

दुसऱ्या टोकाचा शिक्षक

२००९ मध्ये केंद्र शासनाने माहिती व संप्रेषण तंत्रज्ञानाद्वारे शिक्षणाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले. त्याअंतर्गत मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेने प्रा. दीपक फाटक यांच्या पुढाकाराने अभियांत्रिकी महाविद्यालयांतील अध्यापकांसाठी मोठ्या कार्यशाळा घेतल्या. एकेका कार्यशाळेत हजार आणि पुढे हजारो अध्यापक देशभरातील दूरस्थ केंद्रांवर एकाच वेळी बसत. अमृता विद्यापीठाने विकसित केलेली ए-व्ह्यू ही प्रणाली त्यासाठी वापरली जाई. या उपक्रमाचे महत्त्व प्रणालीपेक्षा रचनेत आहे. मुख्य कार्यशाळेपूर्वी प्रत्येक केंद्राचे समन्वयक मुंबईत येऊन प्रत्यक्ष प्रशिक्षण घेत. नंतर मुख्य कार्यशाळेत व्याख्यान मुंबईहून थेट होई, पण उदाहरणे सोडविणे आणि प्रयोगशाळेतील काम मात्र आपापल्या केंद्रावर त्या समन्वयकाच्या देखरेखीखाली चाले. हजारांतील प्रत्येकाचा प्रश्न मुंबईला जाणे शक्यच नव्हते. बहुतेक शंकांचे निरसन जागेवरच होई आणि जी खरोखर अडे तीच पुढे जाई.

‘साइट’मधील शिक्षक-प्रशिक्षणाशी या रचनेचे साम्य सहज लक्षात येईल. दोहोंत तीन दशकांचे अंतर आहे, तंत्रज्ञान पूर्णपणे निराळे आहे, पण परतीची वाट दोन्ही ठिकाणी माणसाच्या रूपाने बांधलेली आहे. जेथे जेथे दुसऱ्या टोकाच्या शिक्षकाला केवळ दिवे लावणारा आणि हजेरी घेणारा समजण्यात आले, तेथे तेथे पडद्यावर कितीही विद्वान वक्ता असला तरी मागील बाकांवर वहीखाली मोबाइल उघडले गेले. यात आश्चर्य ते काय?

हातातील वर्ग

मार्च २०२० मध्ये महामारीमुळे महाविद्यालये बंद झाली आणि दूरसंचाराधारित अध्यापन हा काही केंद्रांपुरता असलेला प्रयोग एका रात्रीत सार्वत्रिक झाला. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ मधील ७५ व्या फेरीनुसार देशातील २३.८ टक्के कुटुंबांकडे आंतरजालाची सोय होती. नागरी भागात हे प्रमाण ४२ टक्के, तर ग्रामीण भागात १४.९ टक्के होते. ग्रामीण भागात संगणक असलेली कुटुंबे अवघी ४.४ टक्के होती. मधल्या दोन वर्षांत मोबाइलच्या प्रसाराने यांतील आंतरजालाचे आकडे वाढले असणार, पण घरात एक मोबाइल आणि शिकणारी मुले तीन, ही स्थिती पाहणीच्या रकान्यांत दिसत नाही.

एक साधा हिशेब मांडून पाहू. सेकंदाला एक मेगाबिट या दराने ५० मिनिटांचे चित्रासह व्याख्यान ऐकल्यास ३७५ मेगाबाइट डेटा खर्च होतो. असे चार तास झाले की दीड गिगाबाइट संपतो, आणि त्या काळात सर्वसाधारण प्रीपेड योजनेत दिवसाला मिळणारा डेटा नेमका तेवढाच होता. म्हणजे चौथ्या तासाअखेर विद्यार्थ्याचा दिवस संपे. पाचवा तास, गृहपाठ आणि धाकट्या बहिणीची शाळा यांसाठी काही उरत नसे. तेच व्याख्यान केवळ आवाजाच्या रूपाने ६४ किलोबिट दराने पाठविले तर २४ मेगाबाइटमध्ये भागते. ज्या प्राध्यापकांनी टिपणांचे छायाचित्र आणि पंधरा मिनिटांचा ध्वनिमुद्रित पाठ व्हॉट्सअ‍ॅपवर पाठविला, त्यांची पद्धत त्या वेळी मागासलेली मानली गेली. पण टेकडीवर जाऊन रेंज शोधणाऱ्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने तीच सर्वांत प्रगत होती.

या काळात परतीच्या वाटेचे एक अनपेक्षित रूपही समोर आले. कॅमेरे बंद असत आणि ‘ऐकू येतंय का?’ या प्रश्नाने तास सुरू होऊन बहुधा त्यानेच संपे. तरीही लेखी संदेशाच्या खिडकीत असे विद्यार्थी प्रश्न विचारू लागले, ज्यांचा आवाज प्रत्यक्ष वर्गात दोन वर्षांत कुणी ऐकला नव्हता. देवनागरीतील दोनशे अक्षरचिन्हांचा प्रश्न साधारण ६०० बाइटमध्ये मावतो. पन्नास मिनिटांच्या चित्रमय व्याख्यानास त्याच्या सव्वासहा लाख पट क्षमता लागते. म्हणजे सर्वांत स्वस्त परतीची वाट मजकुराची आहे. पहिल्यांदाच प्रश्न विचारणाऱ्याला ती सर्वांत सोयीचीही आहे, कारण लिहिताना पुसता येते. मात्र ती खुली राहण्यासाठी प्राध्यापकाने मराठीतून किंवा रोमन लिपीतील मोडक्यातोडक्या मराठीतून आलेला प्रश्न तेवढ्याच आदराने मोठ्याने वाचून दाखविला पाहिजे. इंग्रजीतच लिहा असा आग्रह धरला की दार पुन्हा बंद होते. हे तंत्र प्रत्यक्ष वर्गातही चालते. साठ विद्यार्थ्यांच्या तासाला शेवटची पाच मिनिटे चिठ्ठीवर प्रश्न मागविणाऱ्या प्राध्यापकास त्यासाठी कोणत्याही जाळ्याची गरज नसते.

श्रेयांक आणि कार्यभार

९ जुलै २०१७ रोजी ‘स्वयम्’ हे व्यासपीठ आणि ‘स्वयंप्रभा’च्या ३२ थेट उपग्रह वाहिन्या सुरू झाल्या. त्याआधी २०१६ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने ‘स्वयम्’वरील अभ्यासक्रमांतून एका सत्रातील २० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम पूर्ण करण्याची मुभा दिली होती, २०२१ मध्ये ही मर्यादा ४० टक्क्यांपर्यंत वाढविण्यात आली. त्यामुळे पडद्यावरचे अध्यापन आता ‘ज्ञानसंवर्धन’ राहिलेले नाही. त्यावर विद्यार्थ्याची पदवी अवलंबून आहे. महाविद्यालयाच्या भिंतीआड जो प्राध्यापक हा अभ्यासक्रम स्वतः शिकवीत नाही, पण ज्याच्याकडे विद्यार्थी शंका घेऊन येतात, त्याचे स्थान काय, हा प्रश्न त्यातून उभा राहतो.

२००३ मध्ये भारतीय तंत्रज्ञान संस्था आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी सुरू केलेल्या एनपीटीईएल प्रकल्पाने महाविद्यालयांत स्थानिक शाखा उघडून मार्गदर्शक प्राध्यापक नेमण्याची पद्धत आणली. मार्गदर्शकाने दर आठवड्याला विद्यार्थ्यांना एकत्र बसवावे, स्वाध्यायाची आठवण द्यावी, अडलेले समजावून सांगावे, अशी अपेक्षा असते. ज्या महाविद्यालयांत हे काम मन लावून होते तेथे विद्यार्थी परीक्षेपर्यंत टिकून राहतात. जेथे होत नाही तेथे नोंदणी करून सोडून देणाऱ्यांची यादी लांबते, असे अनेक समन्वयकांचे निरीक्षण आहे.

परंतु या कामाची गणना कोठे करावयाची? आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत सहायक प्राध्यापकासाठी आठवड्याला १६ आणि सहयोगी प्राध्यापक व प्राध्यापकांसाठी १४ तासांचे प्रत्यक्ष अध्यापन ठरविण्यात आले. त्याच विनियमांत चार क्रेडिटचा संपूर्ण ‘मूक’ अभ्यासक्रम विकसित करणाऱ्यास २० गुण देऊ करण्यात आले. बोलणाऱ्या टोकाची अशी किंमत ठरलेली असताना ऐकणाऱ्या टोकावर बसणाऱ्याचा तास बहुतेक महाविद्यालयांच्या वेळापत्रकात दुपारनंतरच्या रिकाम्या चौकोनात पेन्सिलीने लिहिलेला आढळतो. हा चौकोन शाईने भरण्यासाठी नवे तंत्रज्ञान लागत नाही. महाविद्यालय विकास समितीचा एक ठराव, त्या तासाचा कार्यभारात समावेश आणि त्यासाठी राखीव अशी एक शांत खोली, एवढेच लागते. ज्या विभागात पुढील सत्रापासून ‘स्वयम्’चा अभ्यासक्रम लावावयाचा आहे, त्याने विद्यार्थ्यांकडून नोंदणी अर्ज भरून घेण्यापूर्वी हा तास कुणाच्या नावे लावला आहे ते पाहून घ्यावे.